चार नंबरच्या टेबलाची सावड

कुसाबाईने द्राक्षाचा चांगला मणी चुकून कापला. तो टेबलावर टपकन पडला, घरंगळत वजनकाट्यापाशी जाऊन थांबला, आणि तिने घाईघाईने तो मुठीत लपवला. शेजारच्या खुशनुमाने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. घडातला सडका, तडकलेला मणी हेरायचा, त्याचं देठ कात्रीच्या टोकात धरायचं आणि बाकीच्या मण्यांना धक्का न लावता तोडायचं, एवढंच तर काम. कुसाबाईने ते कितीतरी हंगाम गप्पा मारता मारता केलं होतं. यंदा संक्रांतीपासून मात्र उजवा अंगठा ऐकेनासा झाला होता. कात्री मिटायची, पण नको तिथे मिटायची.

खुशनुमाने आपल्यापुढचा भरलेला डबा काट्यावर ठेवून पाहिला. मग ॲप्रनच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक स्टिकर सोलून काढला, डब्यावर चिकटवला आणि डबा फिरत्या पट्ट्यावर सोडून दिला. स्टिकरवर कुसाबाईचा नंबर होता.

निफाडहून सायखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच रंगनाथशेठचं हे द्राक्षं निवडून डब्यांत भरायचं पॅकहाउस. पत्र्याची उंच शेड, आत गारठा, आणि एकेका टेबलाला सात सात बाया. गेल्या वर्षापर्यंत काम टेबलाचं म्हणूनच धरलं जायचं. कोणी किती केलं, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. त्यामुळे जिचं लेकरू रात्रभर तापाने फणफणलं असेल, जिची पाठ धरली असेल, तिने त्या दिवशी हात नुसते हलवायचे. बाकीच्या सहाजणी तिचं काम ओढून न्यायच्या. शेतात सावड करतात तशीच ही सावड. आज तुझ्या वावरात मी, उद्या माझ्या वावरात तू, पैशाची भाषा नाही. तिचा नियम एकच होता आणि तो कोणी कोणाला शिकवला नव्हता. दिलं ते सांगायचं नाही आणि घेतलं ते विचारायचं नाही. चार नंबरचं टेबल तर या बाबतीत एक तीळ सातजणींनी वाटून खाणारं.

यंदा रोहित साहेब आले. नाशिकचेच, तरुण, बोलायला गोड. मोठं शिक्षण घेतल्यावर त्यांनी माणसाच्या कामाचं मोजमाप हाच विषय धरला होता, आणि निर्यातीच्या धंद्यातली उत्पादकता कशी वाढते यावर त्यांना मोठा अहवाल द्यायचा होता. शेठला ते फुकटात पडत होते, म्हणून शेठही खूश. त्यांनी पहिल्याच दिवशी प्रत्येक बाईला तिच्या नंबराच्या स्टिकरची गुंडाळी दिली. भरलेल्या प्रत्येक डब्यावर आपला स्टिकर लावायचा. पट्ट्याच्या टोकाला यंत्र तो वाचणार आणि भिंतीवरच्या टीव्हीवर कोणाचं किती ते दिसणार.

त्या दिवशी घरी जाताना, बायांची ने-आण करणाऱ्या पिकअपमध्ये, कुसाबाई अंगठा चोळत बसली होती. तिला घरी काही कमी नव्हतं. मुलगा कमावता होता, सून निकिता वेळेवर ताट वाढत होती, कोणी वावगा शब्द बोलत नव्हतं. पण शेजारची म्हातारी बाजेवर बसून राहिल्यापासून तिच्याशी माणसं दोनच गोष्टी बोलत होती, जेवण झालं का आणि गोळी घेतली का. टेबलावर कुसाबाईला बाया चिडवायच्या, तिच्यावर रुसायच्या, स्थळ बघायचं असलं की तिचं मत घ्यायच्या, भांडण लागलं की तिला मध्ये घालायच्या. हे टेबल सुटलं तर आपणही बाजेवर गेलो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला भीती वाटत होती ती याचीच.

तिने अंगठ्याचं आशाला सांगितलं. आशा टेबलाची थोरली नव्हती, पण टेबल तिच्या शब्दावर चालायचं. तिने हसण्यावारी नेलं. म्हणाली, स्टिकर काय, आधार कार्ड काढलं तरी सावड कुठं जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी आशाने कुसाबाईच्या गुंडाळीतली एक पट्टी फाडून ॲप्रनच्या आत चिकटवली. मग मालनबाईने एक फाडली, मग बाकीच्यांनी. खुशनुमाने सगळ्यात लांब पट्टी घेतली. आदल्या हंगामात ती ओली बाळंतीण असताना कामावर आली होती, आणि तेव्हा कुसाबाईने महिनाभर तिला बसायला पेटी देऊन तिच्या वाट्याचे घड स्वतः कापले होते. त्याचा उच्चार दोघींनीही कधी केला नव्हता.

आठवडाभराने चहाच्या सुट्टीत रोहितने सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. देश वाढतो म्हणजे काय, असं त्याने विचारलं. उत्तरही त्यानेच सांगितलं. माल जास्त निघाला तर तो एक तर जास्त माणसं लावल्यामुळे निघतो, नाहीतर जास्त यंत्रं लावल्यामुळे. ही दोन कारणं बाजूला काढली तरी काहीतरी उरतं, आणि गंमत अशी की पुष्कळदा हे उरलेलंच महत्त्वाचं असतं. त्यालाच उत्पादकता म्हणायचं. ते नेमकं कुठून येतं हे शोधण्यात मोठमोठ्या माणसांची हयात गेली.

मालनबाई पुटपुटली की आमच्याकडं उरलेलं कुत्र्याला घालतात. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. रोहितही हसला, मनापासून हसला. तो वाईट माणूस नव्हता. मग तो म्हणाला की चार नंबरच्या टेबलावर हे उरलेलं सगळ्यात जास्त आहे. माणसं तेवढीच, काटे तेच, द्राक्षं त्याच बागांतली, तरी रोज कोणी ना कोणी थकलेलं असूनही माल कधी कमी पडत नाही. असं का होतं, ते त्याला शोधायचं होतं. चार नंबरच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

करायला गेलं एक आणि झालं भलतंच, म्हणतात ते पंधरवड्यानंतर दिसलं. शेठने सगळ्यांना बोलावलं. टीव्हीवर नावं लागली होती आणि सगळ्या पॅकहाउसमध्ये पहिलं नाव कुसाबाईचं होतं. जिने तिने आपापलं दिलं होतं. मालनबाईला वाटलं, आपण चार डबे जास्त टाकले तर काय बिघडतं. आशाला वाटलं, म्हातारी मागे पडायला नको. बाकीच्यांनाही तेच वाटलं. किती दिलं हे एकमेकींना विचारायची रीत नव्हती, म्हणून कोणी विचारलं नव्हतं. आणि अगदी शेवटचं नाव खुशनुमाचं होतं.

शेठने कुसाबाईला पुढे बोलावून शाल आणि नारळ दिला. टाळ्या झाल्या. फोटो निघाला. या वयात ही माउली एवढं करते, मग तरण्याताठ्या बायांना काय धाड भरली आहे, असं शेठ बोलला. बोलण्याच्या ओघातच त्याने सांगून टाकलं की नवा काटा आला आहे, एक माणूस कमी करायचं आहे, तेव्हा शेवटचं नाव आहे तिने सोमवारपासून येऊ नये.

कुसाबाई शाल पांघरून उभी होती. टाळ्या वाजवणाऱ्यांत खुशनुमाही होती.

खुशनुमाचा नवरा निसार मालेगावच्या यंत्रमागावर कामाला होता. छातीत दम भरायला लागल्यापासून तो सायखेड्याला घरीच बसून असायचा, आणि घर चालायचं ते हिच्या हातावर. हे टेबलावर सगळ्यांना माहीत होतं. पिकअपमध्ये त्या संध्याकाळी नेहमीचीच दाटी होती. शाल मांडीवर घडी करून कुसाबाई बसली होती आणि ती नकोशी झालेली वस्तू कुठे ठेवावी हे तिला कळत नव्हतं. शेवटी तीच म्हणाली की मी साहेबाला खरं सांगते.

आशाने मान वळवली. तिचा आवाज खालचा होता.

"कोणी कायबी बोलायचं नाय. खुशनुमाचं काम गेलं, लय वाईट झालं. तिच्यासाठी दुसरीकडं बघू आपण. पण सावड साहेबाच्या कानावर गेली ना मावशी, तर एकीचं नाय, सगळ्यांचं जाईल."

"माझ्यापायी तिचं काम गेलं."

"तिनं दिलं. तुम्ही मागितलं होतं का?"

खुशनुमा पाठमोरी बसली होती. ती वळली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही नका मनाला लावून घेऊ. अल्ला देईल काहीतरी." एवढं बोलून ती पुन्हा रस्त्याकडे बघू लागली. तिने दोष दिला असता तर कुसाबाईला बरं वाटलं असतं. त्या समजुतीच्या शब्दांनीच तिची झोप गेली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. कुसाबाई टेबलाकडे न जाता सरळ रोहितच्या काचेच्या खोलीत गेली आणि शाल त्याच्या टेबलावर ठेवली. आशाने लांबून ते पाहिलं. तिच्या हातातली कात्री थांबली, पण हाक मारायची तर सगळ्यांदेखत मारावी लागली असती.

"साहेब, हा पहिला नंबर माझा नाय."

रोहितने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिने अंगठा दाखवला. मग पट्ट्या कशा फाडल्या, डबे कोणी भरले, स्टिकर कोणाचा लागला, हे सगळं तिने सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं की हा आता चिडेल, शेठला बोलावेल, लबाड म्हणेल. पण त्याचा चेहरा उजळत गेला. हरवलेली किल्ली स्वतःच्याच खिशात सापडावी तसा तो हसला आणि म्हणाला, तुमच्या टेबलाचं गणित मला कधीपासून सुटत नव्हतं काकू. हे बायांचं कधीपासून चालतं, असं त्याने विचारलं. पहिल्यापासून, ती म्हणाली. तुमच्या नावावर रोज किती डबे पडत असतील, असं त्याने विचारलं. ते कोणी मोजत नाही, मोजलं की ती सावड राहत नाही, असं तिने सांगितलं.

त्याने ते लिहून घेतलं. मग थोडा विचार केला.

"बरं, असं सांगा. उद्या तुम्ही आलाच नाहीत, तर टेबलाचा माल किती कमी होईल?"

कुसाबाईला वाटलं, देवच पावला. हाच प्रश्न तिला हवा होता. रात्रभर पडल्या पडल्या तिने जे ठरवलं होतं ते बोलायला आता जागा मिळाली. बाजेवर बसलेली शेजारीण क्षणभर डोळ्यांसमोर आली, तिला तिने बाजूला सारलं.

"कायबी कमी नाय होणार साहेब. त्या सहाजणी माझ्यासकट सगळं ओढतात. लय कामाच्या पोरी हायेत. एक कमी करायची ना तुम्हाला? मग मला करा. त्या पोरीला ठेवा. माल तेवढाच भरंल, मी शब्द देते."

रोहितने तिच्याकडे पाहिलं तेव्हा त्याच्या नजरेत खरंच आदर होता. त्याने तिच्यासमोरच लॅपटॉपवर आकडे बदलले. सात होते तिथे सहा घातले.

"म्हणजे उरलेलं दिसत होतं त्याहूनही जास्त होतं," तो स्वतःशीच म्हणाला. "काम सहाजणी करत होत्या आणि आम्ही भागत होतो सातने."

खुशनुमाला ठेवायला शेठला सांगतो, असं त्याने म्हटल्यावर ती उठली. जाताना शाल तिथेच राहिली. टेबलावर येऊन तिने खुशनुमाच्या कानात सांगितलं की तुझं काम राहिलं. खुशनुमाने तिचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मालनबाईने नाक ओढलं. आशा नुसती घड कापत राहिली. त्या सकाळी कुसाबाईला जे समाधान वाटलं ते अगदी खरं होतं, आणि ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकलं.

सुट्टी संपताना शेठ आणि रोहित दोघेही शेडमध्ये आले. शेठ खुशीत होता. कुसाबाईने स्वतः होऊन खरं सांगितलं, असा प्रामाणिकपणा आजकाल दिसत नाही, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. तिला आता घरी आराम करू द्यायचा. खुशनुमा राहील. इथवर सगळं तिने मागितलं तसंच होतं. मग शेठ म्हणाला की चार नंबरच्या टेबलावर सहाजणी सातजणींचं काम करत होत्या, हे आता उघड झालं. जे चार नंबरला जमतं ते दुसऱ्या टेबलांना का जमू नये? सोमवारपासून प्रत्येक टेबलावर सहाच बाया. माल मात्र आत्ता जेवढा निघतो तेवढाच निघाला पाहिजे. कोण थांबणार ते त्या त्या टेबलाने आपसात ठरवावं.

रोहित पुढे झाला. दुसऱ्या टेबलांवर अशी पद्धत आहे की नाही हे अजून तपासलेलं नाही, असं काहीसं तो शेठला हळू आवाजात सांगू लागला.

"असणारच हो," शेठ म्हणाला. "बाया सगळीकडं सारख्याच."

रोहितने तोंड मिटलं. त्या महिन्याच्या अहवालात माणशी उत्पादन चांगलंच वाढलेलं दिसणार होतं, आणि त्यात खोटं काहीही नव्हतं.

कोण थांबणार हे आपसात ठरवायला संध्याकाळपर्यंत वेळ होता. सावड करणाऱ्या बायांना ते काम येत नव्हतं. एका टेबलावर चिठ्ठ्या टाकल्या, एका टेबलावर भांडण जुंपलं, एका टेबलावर पोटुशी होती तिनेच डोळे पुसत ॲप्रन काढून ठेवला. दोन नंबरच्या टेबलावरून आशाची सख्खी जाऊ निघाली. दोघी रोज एकाच घरातून डबा बांधून यायच्या. चार नंबरवर ठरवायचं काही नव्हतं. तिथे सुतार येऊन प्रत्येकीच्या मध्ये फळी ठोकत होता, म्हणजे आता शेजारणीच्या पुढ्यात हात जाणार नव्हता.

कुसाबाई आशाजवळ गेली. तिला म्हणायचं होतं की मला हे कळलं नाही गं, मी माझ्या मेलीपुरतंच बोलले. पण त्याआधीच आशा वळली. आशाने ॲप्रनच्या आतून कुसाबाईच्या नंबराची उरलेली पट्टी ओढून काढली, तिचा बोळा केला आणि कचऱ्याच्या पेटीत टाकला.

"सांगितलं होतं ना तुम्हाला," ती म्हणाली. "पाया पडायचंच राहिलं होतं का माझं?"

संध्याकाळी पिकअपमध्ये काम गेलेल्या बायाही होत्या, त्यामुळे जागा नेहमीसारखीच अपुरी होती. कोणी कुसाबाईला टाकून बोललं नाही. तिला टेकायला जागाही दिली. पण सायखेडा येईपर्यंत तिला कोणी चिडवलं नाही, कोणी काही विचारलं नाही. मालनबाई तेवढी उतरताना म्हणाली की जेवून घ्या वेळेवर.

रविवार गेला. सोमवारी सकाळी निकिताने विचारलं की आत्या, चहा इथंच देऊ का बाजेवर. कुसाबाई म्हणाली की जरा पाय मोकळे करून येते. पाय तिला नेहमीच्या वेळी नेहमीच्या जागी, नदीच्या पुलाजवळच्या फाट्यावर घेऊन गेले. कामावर जायचं नव्हतं, हे तिला चांगलं माहीत होतं. एकदा तोंड बघावं, आशा काही बोलली तर बोलू द्यावं, शिव्या दिल्या तरी खाव्यात, एवढ्यासाठी ती उभी होती. शिव्या देणारं माणूस निदान आपल्याशी बोलत तरी असतं.

पिकअप आली. ड्रायव्हर फकिराने सवयीने ब्रेक मारला. मागे बाया विरळ बसल्या होत्या, ऐसपैस, एकमेकींपासून अंतर ठेवून. कडेला खुशनुमा होती. कुसाबाई दिसताच ती नकळत आत सरकली आणि हाताने शेजारची जागा झाडली. सरकायची काही गरज नव्हती. गाडीत जागाच जागा होती.

आशाने पुढच्या पत्र्यावर थाप मारली.

"चला फकिराभाऊ. इथून कोणी नाय."

फकिराने आरशातून कुसाबाईकडे पाहिलं आणि गाडी गिअरमध्ये टाकली. खुशनुमाने आशाकडे बघितलं, मग कुसाबाईकडे बघितलं. तिचे ओठ हलले, पण गाडीच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. मग मान खाली घालून ती पुन्हा होती त्या जागी सरकून बसली.